आधी बिल्ला, मग टूल

माझ्या तोंडात एक वाक्य कायम असायचं: माझा प्रोग्राम चुकत नाही. त्या एका वाक्यानं एका बाईची नोकरी गेली. हे मी आजवर घरात बाबांना, लॅबच्या डॉक्टरांना आणि खुद्द त्या बाईला सांगून पाहिलं आहे. तिघांनीही ऐकून घेतलं. तरी मन काही हलकं झालं नाही, म्हणून आता लिहून पाहते.

जबलपूरच्या अधारताल भागात आमचं लहानसं घर आहे. आई गेल्यापासून त्यात बाबा आणि मी, दोघंच. बाबा इथल्या तोफखान्याच्या कारखान्यात मशिनिस्ट होते, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. मी प्रोग्राम लिहिते. शाळा, दवाखाने, दुकानं यांना लागतात तसले साधे. पुण्याला जायची संधी दोनदा आली आणि दोनदा मी बाबांचं कारण पुढे केलं. खरं कारण असं की मला कोणाच्या हाताखाली काम करणं जमत नाही. माझं तोंड फटकळ आहे आणि स्वतःच्या कामाबद्दल मला जरा जास्तच वाटतं. जबलपूरमध्ये हे खपून जातं, कारण मुकाबल्याला फारसं कोणी नाही.

अशाच एका रक्त तपासणाऱ्या लॅबसाठी मी फार वर्षांपूर्वी प्रोग्राम लिहिला होता. काम सोपं. पेशंटचं रक्त नळीत घ्यायचं, नळीवर नंबराची चिठ्ठी चिकटवायची, नळी मशीनमध्ये ठेवायची. मशीन आकडे पाठवणार, प्रोग्राम त्या आकड्यांना नाव जोडणार आणि रिपोर्ट छापणार. मशीन जुनं होतं. ते नुसते आकडे पाठवायचं, नळीचा नंबर परत पाठवत नसे. म्हणून मी प्रोग्राममध्ये दोन रांगा केल्या, एक नावांची आणि एक आकड्यांची. पहिलं नाव उचलायचं, पहिला आकडा उचलायचा, दोघांची गाठ बांधायची. मग दुसरं नाव, दुसरा आकडा. कितीतरी वर्षं एकही गाठ चुकली नाही.

न चुकायचं कारण मात्र माझी हुशारी नव्हती. तेव्हाच्या संगणकात एकच कोअर असायचा, म्हणजे प्रत्यक्ष काम करणारा माणूस एकच. ऑपरेटिंग सिस्टिम हा त्याच्यावरचा मुकादम. आपल्याला वाटायचं की गाणंही चालू आहे, छपाईही चालू आहे; प्रत्यक्षात मुकादम त्या एकट्याला क्षणभर इकडे, क्षणभर तिकडे पळवायचा. एकटाच माणूस, तोही जुना आणि सावकाश, मग दोन रांगांमध्ये घोळ घालणार कोण?

पुढे संगणकात कोअर वाढले. दोन झाले, चार झाले, आठ झाले. नुसती माणसं वाढवून काम वाढत नाही, हे आमच्या भागातल्या कारखान्याच्या कोणत्याही पेन्शनरला विचारा. सुरुवातीला ऑपरेटिंग सिस्टिमच्या आतच एक मोठं कुलूप होतं. एक कोअर आतल्या कामाला गेला की बाकीचे दाराबाहेर ताटकळत. त्या एका कुलपाची शेकडो बारीक कुलपं करायला जगभरच्या माणसांना वर्षानुवर्षं लागली. मुकादमही शहाणा होत गेला. कोणत्या कोअरजवळ कुठला माल आधीच पडून आहे ते बघून तो त्यालाच ते काम देऊ लागला, एकावर फार भार पडला की दुसऱ्याकडे सरकवू लागला. शेवटी आमच्यासारख्यांना तयार टोळीच मिळाली. प्रोग्रामनं फक्त कामांच्या चिठ्ठ्या टाकायच्या. किती जणांना कामाला लावायचं ते मुकादम मशीनचा भार पाहून ठरवणार. मला हे सगळं फार आवडायचं. मी त्याबद्दल वाचत बसायची आणि जेवताना बाबांना सांगायची. बाबा ऐकायचे आणि म्हणायचे, "अच्छा. म्हणजे आमच्या मशीन शॉपमधलंच सांगून राहिली तू."

लॅबनं नवा संगणक घेतला तेव्हा त्यात आठ कोअर होते. त्यात कोणाचं काम किती चालू आहे हे दाखवणारी खिडकी असते. मी ती उघडली. आठ चौकोन. एक काठोकाठ भरलेला आणि सात सपाट, मेल्यासारखे. माझा जुना प्रोग्राम एकाच कोअरला घाम गाळायला लावत होता आणि बाहेर बाकावर पेशंटचे नातेवाईक रिपोर्टसाठी पेंगत होते. मला त्या सात रिकाम्या चौकोनांचा रागच आला. पंधरा दिवस बसून मी प्रोग्राम नव्यानं लिहिला, टोळी लावून. मग आठही चौकोन नाचायला लागले. संध्याकाळी मिळणारे रिपोर्ट दुपारच्या आत मिळू लागले. डॉक्टरांनी खोव्याची जिलबी मागवली. मी दोन खाल्ल्या.

जिलबीचा पुडा हातात घेऊन सगळ्यांना वाटत फिरली ती म्हणजे तिथली टेक्निशियन. रक्त काढणं, चिठ्ठ्या चिकटवणं, नळ्या मशीनमध्ये ठेवणं हे सगळं तिचं. ती जबलपूरजवळच्या बरगीची. धरणाजवळ तिच्या भावाची थोडी शेती होती, घरात मराठी. लॅबमध्ये माझ्याशी मराठी बोलणारी ती एकटीच. तिचा हात इतका हलका होता की लहान मुलांच्या आया दारातूनच विचारायच्या, "बरगीवाली दीदी हैं क्या?" नसली तर उद्या येतो म्हणून परत जायच्या.

जिलबी खाऊन दोन महिनेही झाले नसतील. एका निवृत्त मास्तरांचा मुलगा लॅबमध्ये येऊन टेबलावर हात आपटत ओरडायला लागला. मास्तरांच्या रिपोर्टमध्ये साखर खूप वाढलेली आली होती. त्यांच्या डॉक्टरांनी गोळ्या सुरू केल्या. चौथ्या दिवशी साखर एकदम उतरून मास्तर न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. दुसरीकडे तपासलं तर त्यांना साखरेचा आजारच नव्हता. त्या दिवशी त्यांच्या पुढच्या नंबरचा जो पेशंट होता, त्याला बोलावून परत तपासलं. वाढलेली साखर त्याची होती. दोघांचे रिपोर्ट एकमेकांना गेले होते. नळ्या केव्हाच फेकून दिल्या होत्या, त्यामुळे त्या तपासायचा प्रश्नच नव्हता.

लॅबच्या डॉक्टरांनी मला बोलावलं. केबिनमध्ये ते, मी आणि दाराशी उभी ती बरगीवाली. ते म्हणाले, "मैडम, आप ही बताइए, गड़बड़ कहाँ हुई?"

चूक दोनच ठिकाणी होऊ शकत होती. चिठ्ठ्या चिकटवताना किंवा नाव जोडताना. म्हणजे तिची किंवा माझी. मी वेळ मागून घेतला. घरी येऊन माझ्या जुन्या लॅपटॉपवर हजारो खोटे रिपोर्ट प्रोग्राममधून काढले. एकही चुकला नाही. मला बरं वाटलं हे कबूल करते. आज कळतं की तो लॅपटॉप मरतुकडा होता आणि मी ते रिपोर्ट एकामागून एक, शिस्तीत सोडले होते. म्हणजे आठ कामगारांना एका ओळीत उभं करून मी बघत होते की धक्काबुक्की होते का.

दुसऱ्या दिवशी मी केबिनमध्ये सांगितलं, "सॉफ्टवेयर में कोई गलती नहीं है. मैंने पूरा चेक किया है."

दाराशी उभी असलेली ती म्हणाली, "ताई, एकदा अजून पाहून घ्याल काय? मी तर चिठ्ठी पाहूनच लावते."

हे तिनं अगदी हळू विचारलं होतं. मला मात्र ते झोंबलं. बारावीनंतर एक डिप्लोमा केलेली बाई मला परत तपासायला सांगते. मी तिच्याकडे वळून मराठीत म्हटलं, म्हणजे डॉक्टरांना कळू नये पण तिला नीट कळावं, "हे बघ, मशीन विसरत नाही. माणूस विसरतो. शंभर नळ्या रोज हाताळतेस, एकदा होतं. आठवून बघ."

ती मान खाली घालून खरंच आठवायला लागली असं तेव्हाही मला दिसलं होतं.

मास्तरांच्या मुलाला कोणीतरी दोषी हवा होता. डॉक्टरांनी तिला म्हटलं की चूक झाली असं लिहून दे, प्रकरण मिटेल. तिनं लिहून दिलं. प्रकरण मिटलं आणि पुढच्या महिन्यात तिला येऊ नको म्हणून सांगितलं. मी त्या दिवशी तिथे नव्हते. ऐकल्यावर वाईट वाटलं, पण ज्याचं-त्याचं नशीब म्हणून सोडून दिलं. जेवताना बाबांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "नळ्या तिनंच बदलल्या, हे पाहिलं कोणी?" मी म्हटलं, "बाबा, दुसरं काही असूच शकत नाही." त्यांनी भाकरी मोडून ताकात कुस्करली आणि विषय थांबला.

चार महिन्यांनी बाबांचीच तपासणी करायची होती. बरगीवालीच्या जागी आलेली नवीन मुलगी रक्त घ्यायला घरी येणार होती, पण तिला ताप होता. शेजारच्या कंपाउंडरनं घेतलं. चिठ्ठी मी माझ्या हातानं चिकटवली. नळी मी स्वतः लॅबमध्ये नेली, माझ्या डोळ्यांसमोर ती मशीनमध्ये गेली. दुपारी फोनवर रिपोर्ट आला. त्या आकड्यांप्रमाणे बाबांच्या दोन्ही किडन्या जवळजवळ संपल्या होत्या.

बाबा तेव्हा अंगणात वाकून लसणाच्या वाफ्यातलं गवत काढत होते. मी तशीच लॅबमध्ये पळाले आणि तीच नळी परत तपासायला लावली. आकडे ठणठणीत. डॉक्टर हसून म्हणाले, "बधाई हो, बाबूजी तो फिट हैं." मी खुर्चीत बसून राहिले. बाबा बरे आहेत याचा आनंद पुरता दोन मिनिटंही टिकला नाही. चिठ्ठी मी चिकटवली होती. नळी मी आणली होती. ती बरगीची बाई तर चार महिन्यांपासून तिथे नव्हतीच.

रविवारी लॅब बंद असते. किल्ली मागून घेऊन मी एकटी त्या संगणकासमोर बसले आणि या वेळी रिपोर्ट शिस्तीत सोडले नाहीत. सकाळच्या गर्दीत येतात तसे सोडले, एकदम, अंगावर. आठही चौकोन भरले. तासाभरानं हजारोंमध्ये एक जोडी चुकली. परत चालवलं, परत एक चुकली. मग मी माझाच प्रोग्राम परक्यासारखा वाचला. चूक सापडायला फार वेळ लागला नाही. एक ओळ होती, ती वर हवी होती आणि खाली होती.

घरी येऊन बाबांना सांगायला बसले. चहा केला, तो तसाच राहिला. मी म्हटलं, एका कामगारानं नावांच्या रांगेतून नाव उचललं. आता आकडा उचलणार, तेवढ्यात दुसरा कामगार मध्ये घुसला, त्यानं पुढचं नाव उचललं आणि पहिल्याचा आकडाही उचलून नेला. म्हणून दोघांची अदलाबदल झाली. मध्ये कोणी घुसू नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिम कुलूप देते. ते मी लावलं होतं, पण नाव उचलून झाल्यावर.

बाबांनी चष्मा काढून पुसला. त्यांच्या कारखान्यात टूल रूमच्या खिडकीवर प्रत्येक कामगाराला स्वतःच्या नंबराचा पितळी बिल्ला द्यावा लागायचा. ज्या खुंटीवरचं टूल घ्यायचं, त्या खुंटीवर आधी बिल्ला टांगला जायचा, मग टूल हातात मिळायचं. बिल्ला लटकलेला दिसला की दुसऱ्यानं थांबायचं. लहानपणी आमच्या घरात कात्री नेतानासुद्धा बाबा खिळ्याला स्वतःचा रुमाल अडकवून जायचे आणि आई चिडायची.

"आधी बिल्ला, मग टूल," ते म्हणाले. "तू टूल उचललं अन् मग बिल्ला टांगला."

"हो."

"रात्रपाळीत एखादा माणूस असला तर चालून जाते तसं. कोणाला पत्ताच नाही लागत. दिवसपाळी भरली की मग बोट तुटते कोणाचं तरी." त्यांनी चष्मा परत लावला. "अन् ती पोरगी?"

मी गार चहाचा कप जवळ ओढला.

"तिच्या नावावर लिहिलं ना तुम्ही सगळं? मग इथं काहून बसून राहिली? जा तिच्याकडे."

आधी मी ओळ वर नेली. त्याला एक मिनिटसुद्धा लागलं नाही. मग डॉक्टरांना सगळं सांगितलं आणि ज्याच्या किडन्यांचे आकडे बाबांना आले होते त्या पेशंटला परत बोलवायला लावलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "अब ठीक हो गया ना? तो छोड़िए मैडम. पुरानी बात है. वो लोग भी शांत हैं, नई लड़की भी सीख गई है." तिला परत घ्या म्हटलं तर फोन वाजल्यासारखं करून उठून गेले. तेव्हा मीच एका कागदावर मराठीत लिहिलं की अमुक चूक माझ्या प्रोग्रामची होती, या बाईंची नव्हती, आणि खाली सही केली. तो कागद घेऊन बसनं बरगीला गेले.

भावाचं घर सापडायला वेळ लागला. ती ओसरीत मटार सोलत होती. मला बघून गडबडीनं उठली, पदराला हात पुसले, पाणी आणलं. भावजयीला म्हणाली, "ताई हाय, आमच्या लॅबचा कॉम्प्युटर यायनंच बनवला." आमच्या लॅबचा म्हणाली. शहरातल्या दोन लॅबमध्ये ती विचारून आली होती, पण तिच्याआधी तिची बातमी तिथे पोचली होती. भावजय म्हणाली की गावातल्या आरोग्य केंद्रातही बोलावणं आलं होतं, पण ही जातच नाही. सुई हातात घेतली की हात कापतो म्हणते.

मी कागद दिला. तिनं तो दोनदा वाचला. मी दोन रांगा समजावल्या, कुलूप समजावलं, बाबांचा बिल्लासुद्धा सांगितला. तिची मान हलत होती. सगळं सांगून झालं आणि मी म्हटलं, "तुझी काहीच चूक नव्हती. मी तुझ्यावर ढकललं. मला माफ कर."

तिनं मटाराची सालं एका बाजूला सारली. मग म्हणाली, "तुमचा प्रोग्राम दुसऱ्या बारी चुकला असंन ताई. तुमच्या बाबाच्या बारी. पण मास्तरजीचं माह्याच हातून झालं."

"अगं नाही. तेही यानंच झालं."

"मले आठवते ना," ती म्हणाली. तिचा आवाज अगदी ठाम होता. "तुम्ही म्हटलं होतं ना, आठवून पाहाय. म्या लय दिवस आठवलं. पहिले नव्हतं येत. मग आलं. साखरेच्या, राखाडी झाकणाच्या दोन नळ्या होत्या, एक या हातात, एक या हातात. मागून कोणी तरी दीदी म्हणून हाक मारली. मी वळली. अन् वळल्यावर चिठ्ठ्या लावल्या, उलट्या. मले दिसते ताई. डोळे मिटले का दिसते."

तिनं दोन्ही हात पुढे धरून दाखवले, कोणती नळी कुठे होती ते. कोणत्या बोटावर चिठ्ठी चिकटली होती तेही सांगितलं. मी तिला पुन्हा समजावलं, जरा चढ्या आवाजात, मग अगदी हळू. ती प्रत्येक वेळी हो म्हणायची आणि शेवटी तिथेच यायची. निघताना तिनं कागदाची नीट घडी घालून तो माझ्या हातात परत दिला. "हे तुमच्याजवळच असू द्या. अन् तुम्ही मनाले लावून नका घेऊ." माझ्या पिशवीत तिनं मटारही भरले.

घरी पोचले तेव्हा बाबा दारातच उभे होते.

"सांगितलं?"

"सांगितलं."

"मग?"

"तिला पटत नाही, बाबा. ती म्हणते, तिनंच बदलल्या. तिला आठवतं म्हणते."

बाबांनी माझ्या हातातली पिशवी घेतली. आत जाता जाता वळून म्हणाले, "पहिल्या वेळी तर तिनं तुझं लगेच मानलं होतं."